मीटर गेटवर, घर मागे : मेन केबल किती जाड घ्यायची

घर बांधताना आपण आतल्या वायरची कंपनी विचारतो, स्विचचा रंग चार वेळा बदलतो, आणि मीटरपासून डीबीपर्यंतची, म्हणजे घरातल्या वाटप-बोर्डापर्यंतची, मेन केबल मात्र वायरमन आणेल ती. माझ्याकडेही तेच झालं. मीटर गेटच्या भिंतीत, घर मागे, मधे 40 मीटर, आणि टाकली काय तर तांब्याची 4 स्क्वेअर एमएम. सकाळी गिझर चालू असताना पंप लावला की दिवे मलूल. वर्षभर वीजवाल्यांना शिव्या घातल्या. मग एकदा मीटरपाशी व्होल्टेज मोजलं तर 230, डीबीत 219. चोर आमच्याच अंगणात पुरलेला होता.

हिशोब अवघड नाही हो. एकावेळी काय काय चालतं ते धरा, घरातलं सगळं एकदम कुणी लावत नाही. गिझर 3 किलोवॅट, इंडक्शन 2, पंप आणि बाकीचं किरकोळ मिळून दोनेक, म्हणजे झाले 7, भागिले 230, साधारण 30 अँपिअर. आता 4 स्क्वेअरच्या तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला 4.6 ओहमच्या आसपास, आणि करंट फेजने जातो नि न्यूट्रलने परत येतो म्हणून 40 नाही, 80 मीटर धरायचे, इथेच बरेच जण चुकतात. 0.37 ओहम गुणिले 30, गेले 11 व्होल्ट. तेच 10 स्क्वेअर घेतली असती तर साडेचारच्या आत भागलं असतं. केबल तापली की रेझिस्टन्स अजून वाढतो, ते वेगळंच.

मीटर घराला चिकटून असेल तर व्होल्टेजचं फार टेन्शन नको, तिथे केबल किती करंट सोसते तेवढं बघा. आणि एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, त्या आकड्याच्या वर नको. सारखा ट्रिप होतो म्हणून 32 काढून 63 चा बसवणारे महाभाग मी पाहिलेत, मग एमसीबी शांत आणि केबल गरम.

अॅल्युमिनियम चालतं का? चालतं की, स्वस्त पडतं, फक्त 10 च्या तांब्याऐवजी 16 घ्या, व्होल्टेजचा ड्रॉप जवळपास तेवढाच येतो. पण जोड नीट हवा, तांब्याच्या टर्मिनलला बायमेटल लग (एका बाजूला अॅल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेलं जोड-टोक) लावा, नुसतं पिळून ठेवलं की जोड सैल होतो, काळा पडतो, जळतो.

दोन एसी, दोन गिझर असं मोठं काम असेल तर थ्री फेज घ्या. लोड तिन्ही फेजवर सारखा वाटला तर 7 किलोवॅटला फेजमागे साधारण दहा अँपिअरच येतात. पण वायरमनने गिझर-एसी सगळं एकाच फेजवर टाकलं तर काय उपयोग, म्हणून डीबी भरताना स्वतः शेजारी उभे राहा.

केबल जमिनीखालून नेणार असाल तर आर्मर्डच (लोखंडी कवच असलेली) घ्या, अडीच फूट खोल, खाली-वर वाळू आणि त्यावर विटा. आणि चर खणलाच आहे तर शेजारी एक रिकामा पाइप टाकून ठेवा. मी नव्हता टाकला, केबल बदलताना सगळी फरशी उखडावी लागली, त्याचा खर्च केबलपेक्षा जास्त.