विकत घेतलेला गेम आणि बदलता करार
(सोलापूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

ग्राहक चळवळीत वर्षानुवर्षे काम केलेल्या या श्रोत्यांना १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. मला एकच गोष्ट मांडायची आहे. पैसे घेऊन झाल्यावर विक्रेत्याने अटी बदलायच्या आणि त्या नाकारणाऱ्याची खरेदीच काढून घ्यायची, याला संमती म्हणता येत नाही. आणि या अन्यायाची दाद सोलापुरातच मिळाली पाहिजे.

माझा भाचा अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गणवेशांच्या कारखान्यात हिशेबाचे काम करतो. पगारातून थोडे थोडे बाजूला काढून त्याने एका प्लॅटफॉर्मवर गेम विकत घेतले. गेम खेळणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आपल्यापैकी काहींचे मत असेल; परंतु एकदा पैसे घेऊन पावती दिली की ग्राहकाचे हक्क त्या मतावर अवलंबून राहत नाहीत. एका रात्री त्याने अकाउंट उघडले, तेव्हा पडद्यावर नव्या अटींचा लांबलचक मजकूर होता आणि खाली संमतीचे एकच बटण. त्याने तो मजकूर खरोखरच वाचला. वाद झाल्यास ग्राहकाने न्यायालयात न जाता परदेशातील लवादापुढे जावे, अशी अट त्यात नव्याने घातली होती. ज्या अटींवर पैसे भरले त्या जुन्याच अटी मला मान्य आहेत, असे त्याने कंपनीला कळवले. त्यावर, नव्या अटी मान्य नसल्यास अकाउंट बंद करावे, मग सर्व गेम जातील आणि पैसे परत मिळणार नाहीत, असे उत्तर आले. त्याने पुन्हा लिहिले. अक्षरही न बदलता तेच उत्तर पुन्हा आले. शेवटी त्याने बटण दाबले. त्या दाबण्याला कोणी स्वेच्छेने दिलेली संमती म्हटले की मला मनापासून राग येतो.

हा त्याच्या एकट्याचा अनुभव नाही. युबीसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये आणलेला ‘द क्रू’ हा गेम तिच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालत नसे; ते सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि पैसे मोजलेल्यांना तो एकट्याने खेळणेही अशक्य झाले. त्यातूनच युरोपात दहा लाखांहून अधिक सह्यांची मोहीम उभी राहिली. व्हॉल्व्ह या कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये स्टीम या आपल्या गेमविक्रीच्या प्लॅटफॉर्मच्या करारातून सक्तीच्या लवादाची अट काढली. तो बदल ग्राहकाच्या हिताचा होता, तरीही ठरवला कंपनीनेच.

आयोजकांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, म्हणून कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. २०१९ च्या कायद्याच्या कलम २(४६) मध्ये ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे, सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार आणि ग्राहकावर लादलेल्या अवाजवी अटी तिच्यात येतात. कलम ४९ नुसार राज्य ग्राहक आयोग अशा अटी रद्दबातल ठरवू शकतो. ‘पायोनियर अर्बन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच बिल्डरच्या एकतर्फी अटी ग्राहकावर बंधनकारक नसल्याचे सांगितले. तेच तत्त्व गेमच्या कराराला का लागू होऊ नये? मात्र अनुचित कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय आयोगांकडे ठेवला आहे. आपल्या जिल्हा आयोगापुढे सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते, पण करारातील अटच रद्द करून मागता येत नाही. काही हजारांच्या गेमसाठी सोलापूरच्या माणसाने राज्य आयोगापर्यंत का जावे?

जिल्हा आयोगाचे अधिकारक्षेत्र ठरवणाऱ्या कलम ३४ मध्ये दुरुस्ती करून हा अधिकार जिल्हा आयोगाला द्यावा, या मागणीचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांच्याकडे खरेदीच्या वेळच्या आणि नंतर बदललेल्या अटींचे स्क्रीनशॉट असतील, त्यांनी ते तारीख आणि पावतीसह त्याला जोडावेत.