कवच ठरवतं चुंबकाचं वागणं

(दृश्य: पाषाण रस्ता, पावसाळी सकाळ. मग प्रयोगशाळेतलं फ्यूम हूड.)

पुण्याचा पाषाण रस्ता. १९५० सालापासूनची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा इथलीच, शेजारी आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था. अशा परिसरात जुलैत कोबाल्टसारख्या धातूचे नॅनोकण करायचे, तर पहिली लढाई हवेशी असते. दमट हवेत लोखंडाचा खिळा सावकाश गंजतो. दहा नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढा, कण मात्र बघता बघता आतपर्यंत गंजतो.

म्हणून आधी भांड्यातली हवा काढायची आणि आरगॉन वायू भरायचा. आत ओलेइक आम्ल मिसळलेला द्रावक, तापमान १८० अंश सेल्सियसच्या आसपास. आता सिरिंजने कोबाल्ट कार्बोनिलचं (कोबाल्ट आणि कार्बन मोनॉक्साइडचं संयुग) गडद द्रावण एका झटक्यात सोडलं जातं. बुडबुडे उसळतात. तो कार्बन मोनॉक्साइड, विषारी. विषारी वायू ओढून घेणारं फ्यूम हूड उगीच नाही. द्रव काळाकुट्ट होतो. बाटलीला बाहेरून चुंबक लावलं, की काळा रंग काचेकडे सरकतो.

(दृश्य: चुंबकाकडे ओढला जाणारा काळा द्रव.)

हे कोबाल्टचे कण. आता कवच चढवायचं. सोपा मार्ग म्हणजे बेताने थोडा ऑक्सिजन सोडायचा, पृष्ठभागावर कोबाल्ट ऑक्साइडचा थर धरतो. हा थर पातळ वाटतो खरा, पण हिशेब करून बघा: दहा नॅनोमीटरच्या कणात बाहेरचा अडीच नॅनोमीटरचा थर ऑक्साइडचा झाला, तर गाभ्याला आकारमानाचा जेमतेम आठवा हिस्सा उरतो.

आणि हे कवच नुसतं पांघरूण नसतं. कोबाल्ट ऑक्साइड प्रतिलोहचुंबकीय आहे. साधारण २९० केल्विनच्या (सुमारे १७ अंश सेल्सियस) खाली त्यातले शेजारशेजारचे चुंबकीय आघूर्ण, म्हणजे अणूंची इवली चुंबकं, एकमेकांविरुद्ध दिशांना रोवले जातात. नमुना चुंबकीय क्षेत्रातच थंड केला, तर सीमेवर हे रोवलेले आघूर्ण गाभ्याला एका दिशेला धरून ठेवतात. चुंबकत्व मोजणाऱ्या मॅग्नेटोमीटरवर हिस्टेरिसिसचा वक्र, म्हणजे क्षेत्र उलटसुलट बदलताना चुंबकत्व कसं बदलतं याचा आलेख, काढा: तो मध्यावर न राहता चक्क एका बाजूला सरकलेला दिसतो. १९५६ मध्ये माइकलजॉन आणि बीन या शास्त्रज्ञांनी हे पहिल्यांदा पाहिलं, तेही अशाच ऑक्साइड चढलेल्या कोबाल्ट कणांत. पुढे हार्डडिस्क वाचणाऱ्या हेडमध्ये हीच युक्ती वापरली गेली.

एरवी चार नॅनोमीटरच्या कोबाल्ट कणाचं चुंबकत्व उष्णतेने सतत दिशा बदलत राहतं. ते स्थिर राहायला दहा केल्विनच्या आसपासची थंडी लागते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असेच कण कोबाल्ट ऑक्साइडमध्ये बसवले, तर ते सुमारे २९० केल्विनपर्यंत स्थिर राहिले. कण तोच, सोबत बदलली. माझ्या मते या विषयातली सगळी गंमत या एका आकड्यात आहे.

(दृश्य: मॅग्नेटोमीटर, पडद्यावर उमटणारा वक्र.)

पडताळणीसाठी दुसरा नमुना चांदीच्या कवचाचा करतात. चांदी चुंबकीय नाही, त्यामुळे वक्र मध्यावरच राहायला हवा. तरीही तो सरकला, तर चांदीखाली कुठेतरी ऑक्साइड शिरलंय. म्हणजे कुठूनतरी हवा आत आली; मग पहिल्यांदा भांड्याचे जोड आणि रबरी बूच तपासायचं.