हाली लाँग: बालेवाडीला तिकीट, वेलिंग्टनला विजय

नमस्कार मंडळी. कमिटीने सांगितलं की खेळावर बोला पण क्रिकेट नको, म्हणून मी आज एका फुटबॉलपटूबद्दल बोलणार आहे. हाली लाँग. फिलिपिन्सच्या महिला संघाची डिफेंडर, सेंटर बॅक म्हणजे बचावात मधोमध खेळणारी, पाच नंबरची जर्सी. इथे बसलेल्यांपैकी फार कमी जणांनी हे नाव ऐकलं असेल आणि पहिल्या मिनिटाला वाटेल की हिचा आपल्या मंडळाशी काय संबंध, तर संबंध असा की तिच्या करिअरमधल्या दोन सगळ्यात मोठ्या दिवसांपैकी एक पुण्यात बालेवाडीला आला आणि दुसरा इथे आपल्या वेलिंग्टनमध्ये. आपल्यातले कितीतरी जण जिथून निघालो आणि जिथे येऊन राहिलो ती ही दोन गावं, म्हणून मला ही बाई माझी वाटते.

आधी ती कुठली ते सांगते. जन्म १९९५ चा, वाढली अमेरिकेत, आई फिलिपिनो. कॉलेज फुटबॉल खेळली आर्कान्सा राज्यात, लिटल रॉकच्या युनिव्हर्सिटीकडून. अमेरिकेत मुलींचं फुटबॉल किती तगडं आहे हे तुम्हाला माहितीये, तिथल्या कॉलेजमधून दरवर्षी हजारो मुली बाहेर पडतात आणि त्यातल्या जवळपास सगळ्यांचं फुटबॉल तिथेच संपतं. हिचं संपलं नाही, कारण २०१६ मध्ये आईच्या देशाकडून खेळायला मिळालं. तेव्हा फिलिपिन्सच्या महिला संघाला कोण विचारत होतं? आग्नेय आशियातच व्हिएतनाम, थायलंड, म्यानमार पुढे होते. तिथल्या लोकांचा खेळ म्हणजे बास्केटबॉल, प्रत्येक गल्लीत बास्केटची रिंग असते, आणि फुटबॉल तिथे तसंच बाजूला पडलेलं जसं आपल्याकडे कोल्हापूर आणि गोवा सोडलं तर पडलेलं असतं. कोल्हापूरकरांनी आत्ता टाळ्या वाजवल्या, बरोबर आहे, वाजवायलाच पाहिजेत.

मग २०१८. जॉर्डनमध्ये अम्मानला आशियाई कप. फिलिपिन्सने पहिल्याच मॅचला यजमान जॉर्डनला २-१ हरवलं, पण पुढे चीनकडून ०-३, थायलंडकडून १-३, तरी वर्ल्ड कपच्या शेवटच्या जागेसाठी एक प्ले-ऑफ मिळाला आणि त्यात दक्षिण कोरियाने ५-० केलं. एका मॅचवर वर्ल्ड कप आणि पाच गोल खाल्ले. आपल्याकडे मॅच हरली की पहिला प्रश्न स्ट्रायकरला नसतो, डिफेन्स काय करत होता हा असतो. जिंकल्यावर फोटो गोल मारणारीचा. मी हे गेली काही वर्षं घरात बघतेय, माझी मुलगी शनिवारी क्लबसाठी मागे खेळते आणि मॅच संपल्यावर इतर पालक येऊन विचारतात, काय गं, आज गोल केलास का? तिचं काम गोल होऊ न देण्याचं आहे, ते काम नीट झालं की काहीच घडलं नाही असं दिसतं, आणि ते काहीच न घडणं बघायला डोळा लागतो.

सेंटर बॅकचं काम म्हणजे फक्त टॅकल नाही. खरं तर चांगल्या सेंटर बॅकला टॅकल कमी करावी लागते, कारण ती आधीच योग्य जागी उभी असते. बचावाची लाईन किती वर ठेवायची, ऑफसाईडचा सापळा कधी लावायचा, म्हणजे पास येताना समोरची आपल्या लाईनच्या पलीकडे सापडली की तिचा गोल धरत नाहीत, कडेची डिफेंडर म्हणजे फुलबॅक पुढे गेली तर तिची जागा कोण भरणार, कॉर्नरला कोणी कोणाला धरायचं, हे सगळं ती सतत ओरडून सांगत असते. लाँगला बघायचं असेल तर बॉल सोडून फक्त तिच्याकडे पाच मिनिटं बघा, हात कायम काहीतरी दाखवत असतो.

आता बालेवाडी. २०२२ चा महिला आशियाई कप महाराष्ट्रात झाला, नवी मुंबईत डी. वाय. पाटील, मुंबईत अंधेरीचं मैदान आणि पुण्यात शिवछत्रपती क्रीडासंकुल. जानेवारीचे दिवस, कोरोनाची तिसरी लाट चालू, सगळे संघ बायो-बबलमध्ये. आपला भारताचा संघ यजमान होता, कॅप्टन आशालता देवी, तीही डिफेंडरच, मणिपूरची. इराणशी ०-० झालं आणि मग संघातच कोरोना पसरला, दुसऱ्या मॅचसाठी नियमाप्रमाणे लागणाऱ्या १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत, आणि घरच्या स्पर्धेतून भारत बाहेर. त्या मुलींनी काय केलं होतं? मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं, इतकी वर्षं वाट बघून मिळालेली संधी आणि ती मैदानावर हरून नाही गेली.

फिलिपिन्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये नवा कोच आणला होता, अॅलन स्टायचिच, जो आधी ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाचा, मटिल्डासचा कोच होता. स्पर्धेआधी त्याने कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला कॅम्प लावला, कारण मुली बऱ्याचशा अमेरिकेतच होत्या. मग आल्या महाराष्ट्रात. थायलंडला १-० हरवलं, ऑस्ट्रेलियाकडून ०-४, इंडोनेशियाला ६-०. आणि ३० जानेवारीला पुण्यात क्वार्टर फायनल, समोर चायनीज तैपेई म्हणजे तैवान, जिंकलं तर थेट वर्ल्ड कप. क्विनली क्वेझाडाने दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला गोल केला, मग अर्ध्या तासाहून जास्त वेळ तो एक गोल सांभाळायचा होता, आणि शेवटची काही मिनिटं उरली असताना बरोबरी झाली. डिफेंडरला याहून मोठी शिक्षा नसते. पेनल्टी शूटआऊट. गोलकीपर ऑलिव्हिया मॅकडॅनियलने पेनल्टी अडवली तर अडवली, स्वतः जाऊन एक मारलीही, आणि शेवटची सरिना बोल्डनने आत घातली, ४-३. फिलिपिन्सचा कुठलाही सीनियर फुटबॉल संघ, पुरुष असो की महिला, त्याआधी कधीच वर्ल्ड कपला गेला नव्हता, आणि ते घडलं बालेवाडीला! माझे नातेवाईक तिथून दहा मिनिटांवर राहतात, त्यांना पत्ताही नव्हता. सेमीफायनलला परत दक्षिण कोरिया, परत हरल्या, पण आता ०-२. अम्मानच्या ५-० पासून बालेवाडीच्या २-० पर्यंत चार वर्षं लागली आणि माझ्या मते लाँगचं करिअर म्हणजे मुख्यतः ही चार वर्षं आहेत.

त्याच वर्षी मे मध्ये व्हिएतनामला सी गेम्सचं म्हणजे आग्नेय आशियाच्या क्रीडास्पर्धांचं ब्राँझ, १९८५ नंतर पहिलं मेडल. जुलैत मनिलाच्या रिझाल मेमोरियल स्टेडियमवर आग्नेय आशियाची चॅम्पियनशिप, सेमीफायनलला व्हिएतनामला ४-०, फायनलला थायलंडला ३-०. नॉकआऊटच्या दोन मॅच आणि एकही गोल खाल्ला नाही, हे मी मुद्दाम सांगतेय. लाँग पुढे काया इलोइलो या क्लबकडून तिथल्या लीगमध्येही खेळली. इलोइलो प्रांतातलं बारोताक नुएवो हे गाव फिलिपिन्सची फुटबॉलची राजधानी म्हणून ओळखतात. म्हणजे फक्त मोठ्या स्पर्धेपुरतं येऊन परत गेली असं तिचं नाही.

आणि मग २५ जुलै २०२३, आपलं वेलिंग्टन. आदल्या आठवड्यात न्यूझीलंडने ऑकलंडला नॉर्वेला हरवलं होतं, वर्ल्ड कपमधला आपल्या फर्न्सचा म्हणजे महिला संघाचा पहिलावहिला विजय, त्यामुळे सगळं शहर खुशीत होतं. फिलिपिन्स पहिली मॅच डनेडिनला स्वित्झर्लंडशी ०-२ हरून आलेला. रँकिंग बघाल तर आपण २६ आणि त्या ४६. मंडळातले बरेच जण त्या दिवशी स्टेडियमवर होतो, काळे स्कार्फ घालून, आणि आपल्या बाजूला फिलिपिनो नर्सेस, डेअरी फार्मवर काम करणारे लोक, लांबून गाड्या करून आलेले, केवढा आवाज करत होते! २४ व्या मिनिटाला सारा एगेस्विकने बॉल आत टाकला आणि बोल्डनचं हेडर. १-०. त्यानंतर जवळजवळ सगळी मॅच एकाच बाजूला चालली होती. आपण क्रॉस टाकतोय, त्या डोक्याने बाहेर काढतायत, परत क्रॉस, परत बाहेर. जॅकी हँडचा एक प्रयत्न पोस्टला लागला, मग तिनेच गोल केला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं, तर व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या रेफरीने, हॅना विल्किन्सन अगदी थोडक्यात ऑफसाईड होती असं दाखवलं. लोक म्हणाले नशीब. थोडं असेलही, पण ऑफसाईड ही आपोआप होत नाही, मागची लाईन एका रेषेत असली तरच होते, आणि इतक्या दडपणात ती रेषा धरून ठेवणं हेच तर बचाव फळीचं काम. शेवटच्या क्षणी ग्रेस जेलचा शॉट मॅकडॅनियलने अडवला आणि शिट्टी झाली. मी न्यूझीलंडसाठी गेले होते, वाईट वाटलंच, पण समोरच्या त्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मी टाळ्या वाजवत उभी राहिले.

पाच दिवसांनी ऑकलंडला नॉर्वेने त्यांना ६-० हरवलं. ऑक्टोबरमध्ये पर्थला ऑलिम्पिक क्वालिफायरला ऑस्ट्रेलियाने ८-०. हेही सांगायला हवं, कारण डिफेंडरचं करिअर असंच असतं, एका महिन्यात देशाचा इतिहास आणि तिसऱ्या महिन्यात आठ गोल, आणि पुढच्या कॅम्पला परत तीच जागा, तेच ओरडणं.

आता आपल्या मुलांचं. हाली लाँग फिलिपिन्सकडून खेळू शकली कारण त्यांच्या राज्यघटनेप्रमाणे आई किंवा वडील, कोणीही एक फिलिपिनो नागरिक असेल तर मूल नागरिक, जन्म कुठेही होवो. वर २००३ च्या कायद्याने बाहेर जाऊन दुसरं नागरिकत्व घेतलेल्यांनाही मूळचं परत घेता येतं, दोन्ही ठेवता येतात. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डवर घर घेता येतं, व्हिसाशिवाय जाता येतं, पण भारताकडून खेळता येत नाही, २००८ पासून नियमच आहे की भारतीय पासपोर्ट पाहिजे. तो मिळवायचा तर दुसरा सोडायचा. आराता इझुमीने सोडला होता, जपानमध्ये जन्मलेला, वडिलांकडून भारतीय वंशाचा, आपल्या पुणे एफसीकडून खेळायचा, त्याने जपानी नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. आणि २०२५ मध्ये रायन विल्यम्सने, पर्थमध्ये जन्मलेला, आई मुंबईची अँग्लो इंडियन, आजोबा संतोष ट्रॉफीत बॉम्बेकडून खेळलेले, त्याने ऑस्ट्रेलियन पासपोर्ट सोडला. या दोघांबद्दल मला फार आदर आहे, पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीकडून, जिचं शिक्षण, स्टुडंट लोन, घर सगळं इथे आहे, हे मागणं मला जड वाटतं. कायदा बदलावा की नाही यावर या हॉलमध्ये दोन मतं आहेत, चहाच्या वेळी ऐकली आहेत. माझं मत निदान खेळाडूंसाठी वेगळी वाट असावी असं आहे आणि ते मी उघड सांगते.

पण कायदा काहीही असो, एक गोष्ट आपल्या हातात आहे. फिलिपिन्सच्या संघातल्या त्या मुली अमेरिकेत, नॉर्वेत, ऑस्ट्रेलियात वाढल्या, तिथे आधी त्यांच्या आईवडिलांनी त्यांना चौदा-पंधराव्या वर्षी खेळ सोडायला लावला नाही. आपल्याकडे मुलगी इयर टेनला गेली की पहिलं काय बंद होतं? ट्रेनिंग. दहावी आली असं आपण इथे येऊनही म्हणतो. खरोखर चांगल्या डिफेंडर मुली मी आपल्याच मंडळात बघितल्यात, ज्या आता फक्त गणपतीत लेझीमला दिसतात. लेझीम छानच आहे, पण तेवढंच का?

मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात महिला आशियाई कप आहे. या वेळी भारत पात्रता फेरी खेळून पोचलाय, जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. फिलिपिन्सही आहे, १ मार्चला पर्थला ऑस्ट्रेलियासमोर. भारताच्या मॅच ४ मार्चला व्हिएतनाम आणि ७ मार्चला जपान, दोन्ही पर्थला, आणि १० मार्चला मंगळवारी चायनीज तैपेई, ती सिडनीला. सिडनीची मॅच आपल्याला जवळची, आम्ही काही जण मुलींना घेऊन जायचं ठरवतोय, शाळेला एक-दोन दिवसांचा खाडा होईल, होऊ दे. ज्यांना यायचंय त्यांनी जेवणाच्या वेळी मला भेटा, विमानाची तिकिटं एकत्र काढली तर जरा स्वस्त पडतील.