कंडोमनंतरची खाज: दोष रबराचा की लेपाचा?

(दृश्य: दादर स्टेशनबाहेरचं मेडिकल, काउंटरमागे कंडोमच्या पाकिटांची रांग)

दुकानदार समोर पाकिटं ठेवतो ती स्ट्रॉबेरी, चॉकलेट, डॉटेड, एक्स्ट्रा टाइम. कंडोम कशाचा बनलाय, हे विचारणारं गिऱ्हाईक विरळाच. संबंधानंतर दोघांपैकी एकालाही आग होत असेल, खाज सुटत असेल, तर पहिला प्रश्न हाच हवा.

त्याआधी घड्याळ बघा. काही मिनिटांपासून तासाभरात खाज, सूज किंवा अंगावर गांधी आल्या, तर संशय लेटेक्सवर, म्हणजे रबराच्या चिकातल्या प्रथिनांवर. अशांना फुगा फुगवताना ओठ सुजणं, रबरी हातमोज्यांनी हात खाजणं हेही होऊ शकतं. केळं, अव्होकाडो, किवी, पपई खाल्ल्यावर तोंडात खाजतं का, तेही आठवा; या फळांतली काही प्रथिनं लेटेक्समधल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. चट्टा आणि बारीक फोड एक-दोन दिवसांनी उठले, तर कारण बहुधा वेगळं: रबर पक्कं करताना वापरलेली थायुरम, कार्बामेट यांसारखी रसायनं.

आणि नुसतीच आग होत असेल, चट्टा नाही, सूज नाही? मग रबराआधी लेपाकडे बघा. एक्स्ट्रा टाइम कंडोममध्ये बऱ्याचदा बेंझोकेन असतं, बधिर करणारं औषध. ते जोडीदाराच्या नाजूक त्वचेला लागलं की चुरचुरतं, आणि काहींना त्याचीच अ‍ॅलर्जी असते. वास, स्वाद, गरम वाटणारे लेप यांचंही तसंच. शुक्राणू मारणारं नॉनॉक्सिनॉल-9 पाकिटावर लिहिलेलं दिसलं तर ते पाकीट परत द्या. ते आतल्या अस्तराला इजा करतं, आणि वारंवार वापरल्यास एचआयव्हीचा धोका कमी करण्याऐवजी वाढवू शकतं.

(दृश्य: टेबलावर साधा कंडोम आणि सिलिकॉन जेलची बाटली)

सूज, गांधी किंवा दम लागणं असं काही नसेल, तर घरी पडताळून बघता येतं. त्वचा पूर्ण बरी होऊ द्या. मग साधा, बिनवासाचा, डॉट नसलेला लेटेक्स कंडोम आणि वर बिनसुगंधी सिलिकॉन जेल. इंटिमेट वॉश, सुगंधी साबण बंद. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. कोरडेपणामुळे घासून होणारी आग जेलनेच थांबते. कंडोम नसतानाच त्रास होतो आणि असताना होत नाही, असं असेल तर वीर्याची अ‍ॅलर्जी असू शकते. ती क्वचित आढळते, पण असते. पांढरा स्राव, दुर्गंधी, जखमा असतील तर कंडोम बदलत बसू नका. तो संसर्ग असू शकतो, सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक संसर्गाच्या दवाखान्यात, दाखवा.

लेटेक्सच नडतंय असं दिसलं, तर पाकिटावर तीन शब्द शोधा. पॉलिआयसोप्रीन हे कृत्रिम रबर, ताण लेटेक्ससारखाच, चिकातली प्रथिनं नाहीत. मात्र पक्कं करण्याची रसायनं त्यातही असू शकतात, म्हणून उशिरा चट्टा येणाऱ्यांना तेही नडू शकतं. पॉलियुरेथेन पातळ असतं, पण कमी ताणलं जातं. फाटण्याचं प्रमाण लेटेक्सपेक्षा जास्त, म्हणून माप नीट बघून घ्या. तिसरं नायट्रिल, स्त्रियांच्या काही कंडोममध्ये वापरतात. मेंढीच्या आतड्याचा कंडोम गर्भधारणा टाळतो, पण त्याच्या छिद्रांतून विषाणू जातात. ‘लो प्रोटीन’ लिहिलेलं पाकीटही लेटेक्सचंच असतं.

खोबरेल तेल, व्हॅसलिन, बॉडी लोशन यांनी लेटेक्स आणि पॉलिआयसोप्रीन दोन्ही काही मिनिटांत कमकुवत होतात. योनीत ठेवायच्या काही बुरशीरोधक गोळ्या-मलमांतही तेल असतं. उपचार चालू असताना डॉक्टरांना विचारा. लोकलच्या गर्दीत मागच्या खिशात दबलेलं, घामाने तापलेलं पाकीट नवं असलं तरी वापरू नका.

(दृश्य: रुग्णालयाची ओपीडी, केसपेपरची रांग)

नक्की निदान केईएम, सायन, नायर अशा रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात विचारा. उशिराच्या चट्ट्यासाठी पॅच टेस्ट होते. पाठीवर पट्ट्या लावतात, साधारण 48 तासांनी काढून बघतात, 96 तासांच्या सुमारास पुन्हा. तोवर पाठ भिजवायची नाही. मुंबईच्या मे आणि ऑक्टोबरमध्ये घामाने पट्ट्या सुटतात, जमलं तर थंडीत करून घ्या. लेटेक्सच्या प्रथिनांसाठी रक्ताची किंवा त्वचेवर टोचून करायची तपासणी वेगळी. चेहरा सुजला, श्वास अडकला, तर 108.

लेटेक्स अ‍ॅलर्जी पक्की ठरली की ती फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. दातांचे डॉक्टर हातमोजे घालतात. योनीमार्गे सोनोग्राफी करताना यंत्राच्या दांड्यावर बऱ्याचदा लेटेक्सचा कंडोमच चढवतात, आणि तिथली बाई घाईत असते. टेबलावर झोपण्याआधी तिला सांगा.