पहिल्या उचलीचे वजन

नाव पुकारले की घड्याळ ६० सेकंदांपासून उलटे धावू लागते आणि ते शून्यावर येण्याआधी बार जमिनीवरून उचलला गेला नाही, तर तो प्रयत्न बाद होतो. व्यायामशाळेत मन तयार होईल तेव्हा बारला हात घालण्याची सवय झालेल्या नवख्या वेटलिफ्टरला सर्वांत आधी याचा सराव करावा लागतो.

स्पर्धेत स्नॅचचे (बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर) ३ आणि क्लीन अँड जर्कचे (बार आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) ३ प्रयत्न मिळतात आणि दोन्हींतील सर्वोत्तम यशस्वी वजनांची बेरीज म्हणजे टोटल. स्नॅचचे तिन्ही प्रयत्न फसले, तर पुढचा जर्क कितीही देखणा झाला तरी टोटल लागत नाही. त्यातच बारवरचे वजन चढतच जाते. एकदा फसल्यावर कमी वजन मागण्याची सोय नसते. म्हणून पहिली उचल किती किलोची ठेवायची, हा तयारीतला सर्वांत मोलाचा निर्णय आहे. सगळे जुळून आलेल्या एखाद्या दिवशी एकदाच वर गेलेले वजन सुरुवातीलाच मागण्याचा मोह होतो. मात्र झोप अपुरी झालेली असताना आणि पाय जड वाटत असतानाही जे हमखास वर जाते, त्याच वजनाने सुरुवात करावी. स्नॅचमधली सर्वोत्तम उचल ६० किलोंची असेल, तर ५४ किलोंनी सुरुवात करण्यात कसलाही कमीपणा नाही.

पहिल्या उचलीचे हे वजन शरीराचे वजन नोंदवतानाच सांगावे लागते. ती नोंद स्पर्धेच्या २ तास आधी सुरू होते. पहिल्याच स्पर्धेसाठी उपाशी राहून खालच्या वजनगटात शिरण्याचा खटाटोप करू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

वॉर्मअपचे गणित प्रशिक्षकाकडे सोपवावे. आपल्या आधी प्लॅटफॉर्मवर किती प्रयत्न उरले आहेत ते मोजत, साधारण दर तीन प्रयत्नांमागे एक उचल, असा अंदाज तो बांधतो. इतरांनी ऐनवेळी वजने बदलली की हे गणित बिघडते. अशा वेळी स्पर्धकाने शांत बसून राहावे आणि आकडेमोड प्रशिक्षकाला करू द्यावी.

आता सरावातला हा क्षण पाहा. बार डोक्यावर स्थिर आहे, कोपरे ताठ आहेत, पावले एका रेषेत आली आहेत, मनगटांवर चॉकची पांढरी भुकटी घामाने ओली झाली आहे. व्यायामशाळेत इथेच बार सोडून देण्याची सवय असते. स्पर्धेत मात्र पंचांच्या खुणेआधी बार खाली आणला, तर पूर्ण झालेली उचलही बाद ठरते. म्हणून शेवटचे काही आठवडे प्रत्येक उचलीनंतर प्रशिक्षक मुद्दाम एक-दोन सेकंद थांबतो आणि मगच मोठ्याने म्हणतो, “डाऊन!” त्यानंतरही बार खांद्यांच्या खाली येईपर्यंत हातांची पकड सुटता कामा नये.