जिवंत जीव पाहायचा, तर प्रकाश जपून वापरा

जुन्या वाड्याच्या माजघरात कौलाच्या फटीतून कवडसा उतरला, की एरवी न दिसणारी धूळ त्यात तरंगताना दिसते. आपण बाजूने पाहतो आणि भोवती अंधार असतो, म्हणून ती दिसते. १९०३ साली झीडेन्टोप्फ आणि झिगमाँडी यांनी नेमक्या याच तत्त्वावर, बाजूने उजेड टाकून, काचेतले सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाहिले. आज मी ज्या ‘लाइट-शीट’, म्हणजे प्रकाशाच्या पातळ पडद्यानं पाहणाऱ्या, सूक्ष्मदर्शकाबद्दल बोलणार आहे, त्याचं मूळ तिथे आहे.

जिवंत पेशी पाहण्यातली खरी अडचण आहे प्रकाशाची. नेहमीच्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकात चित्र बिंदूबिंदूने आणि थराथराने जुळवलं जातं, आणि त्यातला एक बिंदू पाहायला लेसर भ्रूणाच्या सगळ्या जाडीतून जातो. नको असलेला उजेड बारीक छिद्रापाशी अडवला जातो, त्यामुळे चित्र स्वच्छ येतं. पण वरखालच्या पेशींनी तो मारा सोसलेलाच असतो, आणि तोही दर थराच्या वेळी पुन्हा. पेशी दिसाव्यात म्हणून त्यांत असलेली चमकणारी प्रथिनं विझतात, पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू तयार होतात. मग पडद्यावर दिसतं ती भ्रूणाची वाढ, की आपण त्याला केलेली इजा? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो.

२००४ साली हायडेलबर्गमध्ये यान हुइस्कन, अर्न्स्ट श्टेल्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरचा काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पडदा करून तो बाजूने भ्रूणात सोडला आणि काटकोनात ठेवलेल्या भिंगातून पाहिलं. जेवढं पाहायचं तेवढंच उजळायचं! शिवाय बिंदूबिंदूने न जाता कॅमेरा अख्खा थर एकदम टिपतो. म्हणजे ज्या युक्तीनं इजा घटली, तिनंच वेगही दिला. २०१३ साली आहरेन्स आणि केलर यांनी झेब्राफिश या छोट्या माशाच्या पारदर्शक पिल्लाचा जवळजवळ सगळा मेंदू दर १.३ सेकंदाला एकदा टिपला. मेंदूत सुमारे एक लाख चेतापेशी, आणि त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक सुट्या ओळखता आल्या.

पण त्याच पिल्लाचं हृदय सेकंदाला दोन-तीनदा धडधडतं. त्याला १.३ सेकंद पुरेसे नाहीत. थर बदलताना पडदा आणि भिंग, किंवा मग नमुनाच, हलवावा लागतो, आणि जड वस्तू झपाट्यानं हलवायला मर्यादा असते. कोलंबिया विद्यापीठात एलिझाबेथ हिलमन यांच्या गटानं २०१५ मध्ये यावर फार देखणा उपाय मांडला. एकाच भिंगातून तिरपा पडदा सोडायचा, एक छोटा आरसा डोलवून तो नमुन्यातून फिरवायचा, आणि परतणारा उजेड त्याच आरशावरून स्थिर कॅमेऱ्याकडे न्यायचा. भिंग जागचं हलत नाही, नमुनाही नाही. माशीची अळी मोकळेपणी सरपटत असतानाही तिच्या आतलं त्रिमितीत दिसलं. तिरपेपणामुळे थोडा उजेड आणि थोडी सुस्पष्टता गमावावी लागते, पण हलणाऱ्या जिवासाठी हा सौदा मला पटतो.

पुण्यात हे मुद्दाम सांगतोय. आपल्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रा या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या जिवावर वर्षानुवर्षं काम झालंय. इथला वाण ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’ या नावानं शोधनिबंधांत नोंदलेला आहे. हायड्राला मेंदू नाही, नुसतं चेतापेशींचं जाळं आहे. अंग पारदर्शक, पण सारखं आखडतं आणि लांबतं, म्हणून वेग हवाच. ‘ओपनस्पिम’ या लाइट-शीट सूक्ष्मदर्शकाचे आराखडे २०१३ पासून सर्वांना खुले आहेत. लेसर आणि कॅमेरा महागच पडतील. बाकीचा सांगाडा घडवू शकणारे कारागीर भोसरीत आहेत, आणि तो जुळवायला उत्सुक असलेले विद्यार्थी या सभागृहात बसले आहेत.