लेकराचे दिवस
(वेंगुर्ल्यातील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गणपतीत हे व्याख्यान ठेवलंत ते बरं केलंत. आज मुंबईचे चाकरमानी आहेत, तसे दोह्याहून, लंडनहून आलेलेही पुढच्या रांगेत दिसतायत. ज्यांच्यासाठी मी बोलणार आहे ती मुलं मात्र बाहेर अंगणात खेळतायत.

गेल्या महिन्यात एक आजी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "माझो नातू पाच वर्सां हयच वाढलो. भजनात टाळ वाजयता. मग तो परको कसो, वकीलबाई?" मुलगा जन्मला अमेरिकेत. तिथे जन्मला म्हणून तिथला नागरिक. आईबाप भारतीयच राहिले आणि नोकरी सोडून घरच्या कलमांकडे परत आले. आजींना कोणीतरी सांगितलं होतं, बारा वर्षं थांबा, मग मिळेल नागरिकत्व.

ही बारा वर्षांची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच तिने जास्त घोटाळा होतो. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यात कलम ६ आहे, नॅचरलायझेशनचं. मराठीत त्याला नागरिकीकरण म्हणतात. त्यात अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने भारतात काढलेले हवेत, आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षं. पण ते कलम फक्त सज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण झालेल्या माणसासाठी आहे. लहान मुलाचं नागरिकीकरण आपल्याकडे होतच नाही. मुलाची होते ती नोंदणी, कलम ५ खाली. आईबाप भारताचे नागरिक असतील तर त्यांच्या अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या मुलाच्या नोंदणीला कायद्याने वर्षांची अट घातलेलीच नाही. आजी थांबल्या होत्या त्या पाच वर्षांची गरज नव्हती.

अर्थात अर्ज केला की झालं, असं नाही. अर्जाला दोन्ही पालकांचे भारतीय पासपोर्ट लागतात. वडिलांनी परदेशी पासपोर्ट घेतला असेल तर ही वाट अडते. दुसरं, परदेशी नागरिकत्व सोडण्याची हमी द्यावी लागते, आणि आईबापांना मुलाच्या वतीने अमेरिकेचं नागरिकत्व सोडता येत नाही. ते त्याने स्वतः, समज आल्यावर करायचं. म्हणून अशा घरांना मी आधी विचारते, ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी पासपोर्टवाल्या भारतीय वंशाच्या माणसाला इथे राहू देणारं कार्ड, काढलंय का? तो दाखला नागरिकत्वाचा नाही, पण पोराला शाळेत, घरात निर्धास्त राहता येतं. पुढे अठरा पूर्ण झाली, कार्डाला पाच वर्षं झाली आणि अर्जाआधीचे बारा महिने इथे काढले, की त्याला स्वतःच्या सहीने अर्ज करता येतो.

हे बारा महिने नीट समजून घ्या. सलग म्हणजे सलग. विशेष परिस्थिती असेल तर सरकार जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकतं, तेही तुकड्यातुकड्यांनी चालतात. ही सोय २०१५च्या दुरुस्तीने आली. मधेच "जरा बाबांना भेटून येतो" म्हणून पोरगा दोन महिने दुबईला गेला, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२४चा निकाल याच जातीचा आहे. आईबापांनी सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं तेव्हा मुलगा आईच्या पोटात होता. मोठा झाल्यावर तो म्हणाला, मला माझं भारतीयत्व परत द्या. आईबाप नागरिकत्वाचा रीतसर त्याग करतात तेव्हा त्यांच्या मुलाला सज्ञान झाल्यावर वर्षभरात ते परत मागता येतं, अशी तरतूद कलम ८मध्ये आहे. न्यायालय म्हणालं, परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे इथलं आपोआप गेलं असेल, तर त्याला ही तरतूद लागू नाही. आईबाप एकेकाळी नागरिक होते, या नात्याने नोंदणीची वाट मात्र त्याला आहे. म्हणजे पुन्हा तेच, इथे येऊन बारा महिने राहा. गर्भातल्या जीवाने काय निवडलं होतं? मला हा निकाल वाचताना वाईट वाटलं. कायद्याच्या शब्दांत तो बसतो, हेही मान्य करते.

आता उलट दिशा. आपल्याकडची मुलं तिकडे, आणि तिकडची मुलं आजोळी. आपल्या कोकणात जुनी रीत आहे, आईबाप कामावर आणि मूल आजीपाशी. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा ती चालायची, कारण मुंबई आणि मालवण एकाच देशात. आज तीच रीत मुलाचे दिवस खाते.

ब्रिटनमध्ये नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही, आईबापांपैकी एक तरी तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी लागतो. तसा नसेल आणि मुलाने आयुष्याची पहिली दहा वर्षं तिथे काढली, तर त्याची नोंदणी होऊ शकते. अट एवढीच की त्या दहांपैकी कुठल्याही वर्षी ते नव्वद दिवसांहून जास्त देशाबाहेर नसावं. माझ्याकडच्या एका कुटुंबाने तीन वर्षांच्या मुलीला सोळा महिने आजीकडे ठेवलं, कारण आई रात्रपाळी करत होती. दहा वर्षांची झाल्यावर अर्जाचं निघालं आणि ते सोळा महिने समोर उभे राहिले. पासपोर्टवरचा शिक्का पुसट. कधी आली, कधी गेली, कोणाला आठवेना.

मी त्यांच्या घरी गेले. आजीने ट्रंक उघडली. वरती नऊवारी, खाली डांबरगोळ्या, आणि तळाशी दोऱ्याने बांधलेली जुनी कॅलेंडरं. दुधाचे खाडे टिपायला त्या प्रत्येक तारखेत रेघ मारायच्या. एका जूनच्या पानावर रेघेऐवजी पेन्सिलीने लिहिलं होतं, "बाय इली". पुढच्या पानांवर तापाच्या गोळ्या, लसीची तारीख, अंगणवाडीचा पहिला दिवस. दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरात "बाय गेली", आणि त्यानंतर आठवडाभर दुधाची रेघसुद्धा नाही. त्या तारखा लसीकरणाच्या कार्डाशी जुळवल्या, विमानाच्या जुन्या ईमेलशी जुळवल्या, मग हिशेब लागला. विशेष कारण असेल तर नव्वदच्या वर गेलेले दिवसही माफ करण्याचा अधिकार तिथल्या खात्याला कायद्याने आहे. आईच्या पाळ्यांचे कागद जोडले. अर्ज मंजूर झाला. पण त्या घराने ते वर्ष कसं काढलं ते मी पाहिलंय.

अमेरिकेचा नियम वेगळाच. ग्रीन कार्ड असलेलं अठराच्या आतलं मूल, नागरिक असलेल्या आईबरोबर किंवा वडिलांबरोबर, त्यांच्या ताब्यात तिथे राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होतं. हे २००१पासून आहे. यात महत्त्वाचा शब्द आहे "राहत असेल". वडिलांना नागरिकत्व मिळालं आणि मूल मात्र आजोळी राहायला ठेवलंय, तर "आपोआप" लागू होत नाही. कॅनडात आईवडिलांबरोबर अर्ज केला तर मुलाचे दिवस मोजत नाहीत, पालकाचे मोजतात, पाच वर्षांत १०९५.

गल्फच्या मंडळींना एकच सांगते. तिकडे जन्मलं म्हणून भारतीय आईबापांचं मूल तिथलं नागरिक होत नाही. आणि ३ डिसेंबर २००४नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत करावी लागते, नाहीतर केंद्र सरकारची परवानगी काढत बसावं लागतं. बारशाच्या धावपळीत ही तारीख निसटते.

शेवटचं, व्हिसाचं. परदेशी पासपोर्टवर मूल आजीकडे आहे आणि व्हिसाची मुदत टळली, तर कायद्याच्या व्याख्येत ते बेकायदा स्थलांतरित ठरतं, आणि मग नोंदणी काय नि नागरिकीकरण काय, दोन्ही दारं बंद. पाच वर्षांच्या पोराला मुदत कळत नाही. ती घरातल्या कोणीतरी भिंतीवर लिहून ठेवायची.

शाळेचा दाखला, लसीचं कार्ड, रद्द झालेले पासपोर्ट, यातलं काही रद्दीत देऊ नका. ज्यांनी आज कागद आणलेत त्यांनी आरतीनंतर मागच्या खोलीत थांबा. मी पेन्सिल आणि मोठा कागद घेऊन बसते, तारखा एकत्र मांडू.